मंडळासमोरच्या खुणा

डेल्फोरला अर्धांगाचा झटका आला तेव्हा आम्ही जिंकत होतो. हे माझं म्हणणं नाही, त्याचं आहे. भेटेल त्याला तो हेच सांगतो, आणि अशा सुरात सांगतो की झटका ही किरकोळ बाब आणि डाव अर्धा राहिला हे खरं संकट.

तेवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या पासो गार्सा गावात रविवारी दुपारची जेवणं उरकली की निम्मं गाव क्लबात ट्रुको हा पत्त्यांचा डाव खेळायला बसतं. दोघादोघांच्या जोड्या, आणि आपल्या हातात काय आहे ते जोडीदाराला चेहऱ्याच्या खुणांनी कळवायचं. भुवया उडवल्या की तलवारीचा एक्का, सर्वांत मोठं पान. तोंड एका बाजूला वाकडं केलं की सत्ती, तेही भारी पान. दोन्ही डोळे मिटले की हातात काहीच नाही. हे सगळं समोरच्या जोडीची नजर चुकवून करायचं. आणि हातात काहीच नसेल तर छाती पुढे काढून डाव असा चढवायचा की समोरच्याने घाबरून पत्ते टाकून द्यावेत. डेल्फोर यात उस्ताद. मी कित्येक वर्षं त्याची जोडीदार आहे, पण हातात रद्दी असताना त्याच्या चेहऱ्यावरची रेष हललेली मी कधी पाहिली नाही.

त्या रविवारी त्याचं तोंड वाकडं झालं. मी समजले, सत्ती आहे. मी डाव चढवला, समोरून औषधवाल्या फेरेरोने आणखी चढवला, मी त्याच्याही वर गेले, आणि या बाबाने टेबलावर काय टाकावं, तर पेल्याची चव्वी, डावातलं सर्वांत हलकं पान. मी त्याला जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतानाच उरलेले पत्ते त्याच्या हातातून गळाले आणि तो डाव्या अंगावर कलंडला. फेरेरोने काय झालंय ते ओळखलं आणि लगेच गाडी काढली, म्हणून तो वाचला.

वाचला, पण डावा हात लोंबकळत राहिला, डावा पाय फरफटायला लागला आणि तोंड वाकडं झालं ते वाकडंच राहिलं. त्याचंही त्याने भांडवल केलं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर पहिल्याच रविवारी काठी टेकत क्लबात गेला, आपल्या खुर्चीत बसला आणि जाहीर केलं की आता माझ्याकडे कायमची सत्ती आहे, खरी कधी आणि खोटी कधी ते ओळखून दाखवा. खरंच कुणाला ओळखता येत नाही. मला स्वतःलाही येत नाही, आणि मी त्याची जोडीदार आहे.

बेर्तिनात हे डेल्फोरचं आडनाव; त्याचं हमरस्त्याला टायरचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, टायर बदलायचा, हवा भरायची. या धंद्याला दोन हात लागतात. बायको जाऊन जमाना झाला, आणि एकुलती एक मुलगी सुल्मा लग्न होऊन पार दक्षिणेला कोमोदोरोला गेली, नवरा तिथे तेलविहिरींवर आहे. मी रस्त्याच्या पलीकडे राहते, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या जर्सी शिवते, आणि मीही एकटीच. आमच्या दोघांत काही आहे का, याचा तपास गावाने बरीच वर्षं केला आणि शेवटी कंटाळून सोडून दिला. आमच्यात पत्ते आहेत, बाकी काही नाही.

सुल्माने मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. बाबांना अपंगत्वाचा दाखला मिळाला, तर पेन्शन सुरू होईल, गावच्या दवाखान्यात व्यायामाचे उपचार फुकट मिळतील, मग ते तिथे राहू शकतील. नाही मिळाला तर ईस्टरनंतर मी येते, घराला कुलूप लावते आणि त्यांना घेऊन जाते. पोरगी चुकीचं काहीच बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते तर ईस्टरपर्यंत थांबलेसुद्धा नसते. पण डेल्फोरसमोर कोमोदोरोचं नाव काढलं तरी त्याचा चेहरा उतरायचा. तो एकदा तिकडे गेला होता. म्हणाला, तिथे झाड नाही, सावली नाही, नदी नाही, फक्त वारा आहे, आणि तो वारासुद्धा माणसाशी नीट बोलत नाही. क्लब नाही हे तो बोलला नाही, पण मला ते ऐकू आलं.

म्हणून दाखल्याचं काम मी अंगावर घेतलं. घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, माणसाचा अर्धा भाग चालत नाही, हे समोर दिसतंय, याला कसला पुरावा लागतो. तर सगळ्यालाच पुरावा लागतो. ओळखपत्र लागतं, तर त्याच्या ओळखपत्राची मुदत संपलेली. ते नवीन करायला गेलो तर बोटांचे ठसे दोन्ही हातांचे द्या, आणि याची डावी मूठ उघडेना. मग डॉक्टरचा अहवाल, तोही साध्या डॉक्टरचा नाही, मेंदूच्या डॉक्टरचा. मेंदूचा डॉक्टर आमच्या गावात नाही, शहरात आहे, आणि शहरात ज्या दिवशी गेलो त्या दिवशी तो संपावर होता. पुन्हा गेलो तर अहवाल मिळाला, पण त्यावर शिक्का नव्हता. शिक्का ज्या बाईकडे होता ती बाळंतपणाच्या रजेवर, आणि तिने शिक्का कपाटात कुलूपबंद करून ठेवलेला. मी विचारलं, बाळ किती महिन्यांचं झाल्यावर कपाट उघडणार आहे? खिडकीतला माणूस माते या आमच्याकडच्या कडवट चहाचा घोट घेत म्हणाला, शांत व्हा बाई. मला कुणी शांत व्हा म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तरीसुद्धा कचेरीवाले परवडले. खरा ताप डेल्फोरचा होता.

मेंदूच्या डॉक्टरने त्याला विचारलं, कसं वाटतंय? हा म्हणाला, झकास. डॉक्टरने विचारलं, चालताना त्रास होतो? हा म्हणाला, माझ्या वयाच्या मानाने मी जास्तच चालतो, या बाईला विचारा. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरने लिहूनही टाकलं की रुग्णाची तब्येत समाधानकारक. तो कागद दाखल्यासाठी लावला असता तर त्याला दाखला सोडाच, फौजेत भरती करून घेतलं असतं. मी पुन्हा आत गेले, डॉक्टरच्या मागे लागून तो कागद बदलून घेतला, आणि बाहेर आल्यावर डेल्फोरला बसस्टँडच्या बाकावर बसवून फैलावर घेतलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, काडीपैलवान, तुला आठवतंय का, आपण त्या गुआलेग्वाय गावच्या दोघा भावांना हातात काही नसताना कसं पळवून लावलं होतं?

माझं वजन कमी म्हणून तो मला काडीपैलवान म्हणतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस डॉक्टरशी ट्रुको खेळत होता. समोर कुणी खुर्ची टाकून बसला आणि प्रश्न विचारायला लागला की हा आपले पत्ते छातीशी धरणार आणि आव आणणार. आयुष्यभर हेच केलं, आता दुसरं येत नाही. मी त्याला समजावलं की बाबा रे, हा एकच डाव असा आहे की ज्यात पत्ते उघडे करून दाखवायचे आणि ज्याचे सर्वांत वाईट तो जिंकला. तो म्हणाला, असला कसला खेळ.

दाखला देणाऱ्या तपासणी मंडळाची तारीख मिळाली तेव्हा मी ठरवलं की याची तालीम घ्यायची. माझ्या स्वयंपाकघरात मी डॉक्टर झाले. विचारलं, शर्टाची बटणं लावता येतात? म्हणाला, मी झिपचं जॅकेट घालतो. जॅकेटची झिप कोण लावतं? तू लावतेस, पण ते तुला आवडतं म्हणून. न्हाणीघरात पडतोस का? पडलो नाही, बसलो. बसलास तो इतका आवाज झाला की मला रस्त्यापलीकडून शिवणाचं मशीन सोडून धावत यावं लागलं. असं सगळं. मी हात टेकले.

आणि मग मला ती युक्ती सुचली. सुचली नसती तर बरं झालं असतं, पण सुचली. मी त्याला म्हटलं, हे बघ, तू जगात कुणाचं ऐकत नाहीस, पण टेबलावर जोडीदाराची खूण तू कधी मोडली नाहीस. तिथे मी तुझ्या समोर दिसेन अशी बसेन. मी दोन्ही डोळे मिटले की तुझ्या हातात काही नाही. मग फक्त म्हणायचं, नाही जमत. हे मात्र त्याला एकदम पटलं. आम्ही पुन्हा तालीम घेतली. बटणं लावता येतात? मी डोळे मिटले. तो म्हणाला, नाही जमत. आंघोळ एकट्याने? डोळे मिटले. नाही जमत. शहाण्या बाळासारखा पटापट खरं बोलायला लागला, आणि मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

मंडळाच्या दिवशी आम्ही शहरात पोचलो तर कचेरीच्या दारात सुल्मा उभी. मला न सांगता दक्षिणेतून बसने आली होती, चेहरा प्रवासाने सुजलेला. डेल्फोरला मिठी मारून तिथेच रडली. म्हणाली, मला सुट्टी मिळाली, म्हटलं आपण स्वतः ऐकावं डॉक्टर काय म्हणतात ते. मला बरं वाटलं, मदत झाली असं वाटलं. डेल्फोरकडे मी पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं.

खोलीत एक लांब टेबल होतं. एका बाजूला तिघं. मध्ये टकलू डॉक्टर, एका बाजूला समाजसेविका, दुसऱ्या बाजूला मानसशास्त्राची एक तरुण मुलगी, तिच्यापुढे कॉम्प्युटर. डेल्फोरला त्यांच्या समोर बसवलं, सुल्मा त्याच्या शेजारी बसली. मी खुर्ची ओढली ती बरोबर त्या तिघांच्या पाठीमागे, भिंतीला लावून. कुणी काही म्हटलं नाही. डेल्फोरला मी नाकासमोर दिसत होते.

डॉक्टरने विचारलं, कपडे स्वतः घालता का?

मी डोळे मिटले. उघडून पाहिलं तर तो माझ्याकडेच बघत होता. खूण त्याला दिसली होती. आणि तो म्हणाला, घालतो की. मला वाटलं चुकला असेल. डॉक्टरने विचारलं, आंघोळीला कुणाची मदत? मी असे घट्ट डोळे मिटले की कपाळाला आठ्या पडल्या. तो म्हणाला, लागत नाही. पडता का? नाही. डावा हात वर करून दाखवा. त्याने उजव्या हाताने डावा हात धरून वर नेला आणि म्हणाला, हा बघा, गेला. मी डोळे मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. इतक्या वर्षांत त्याने माझी एक खूण मोडली नव्हती आणि आज ओळीने सगळ्या मोडत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

डॉक्टरने बोलायचं थांबवलं. हा म्हातारा आपल्या डोक्यावरून मागे कुठे बघतोय, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने खुर्ची मागे वळवली. नेमके त्या वेळी माझे दोन्ही डोळे मिटलेले होते.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला झोप लागलीय, की तुम्ही यांना खुणा करताय?"

मी म्हटलं, झोप लागलीय. मानसशास्त्राच्या मुलीने तोंड कॉम्प्युटरमागे लपवलं. डॉक्टर म्हणाला की मीही ट्रुको खेळतो, माझे वडीलही खेळायचे, या देशात ती खूण कुणाला समजत नाही असं तुम्हाला वाटतं का? मग मात्र मी उठले. म्हटलं, समजते ना, मग तेच तर मी सांगतेय, त्याच्या हातात काही नाही, तो खोटं बोलतोय, त्याला जॅकेटची झिप लावता येत नाही, ती सकाळी मी लावली. समाजसेविका म्हणाली, अर्जदाराला बाहेरून सांगितलं जात असेल तर अहवालात तशी नोंद करावी लागते. मंडळाला फसवायला लोक खुणा करतात, मी खरं वदवून घ्यायला केल्या आणि पकडले गेले. डॉक्टरने दाराकडे बोट दाखवलं. मी बाहेर. मागोमाग सुल्मालाही बाहेर पाठवलं, म्हणाले, घरचं कुणीच नको.

बाहेर लाकडी बाक होता. आम्ही दोघी बसलो. मी डेल्फोरला, त्याच्या सात पिढ्यांना आणि ट्रुकोचा शोध लावणाऱ्याला बोलत होते. कितीतरी हेलपाटे घालून गोळा केलेले कागद, आणि या माणसाने पाच-सहा वाक्यांत सगळं पाण्यात घातलं. सुल्मा ऐकत होती. ती लहानपणी त्याच क्लबात टेबलाखाली खेळायची, खुणा तिला माझ्यापेक्षा आधी यायला लागल्या होत्या.

ती म्हणाली, "मावशी, मी शेजारी बसले होते म्हणून ते खोटं बोलले."

मला काही कळलं नाही. ती म्हणाली की दर रविवारी फोनवर बाबा सांगतात, आज ट्रकचा टायर बदलला, आज एकट्याने भिंत रंगवली. तिला वाटायचं, निम्मं तरी खरं असेल. मी म्हटलं, त्यातलं काहीच खरं नाही. मग ती म्हणाली, डॉक्टरसमोर नाही जमत म्हणायचं म्हणजे माझ्यासमोर म्हणायचं. आणि माझ्यासमोर म्हटलं की मी त्यांना घेऊन जाणार. तिने ते अगदी सरळ सांगितलं. मी इतके दिवस त्याला अडाणी, हेकट, फुशारक्या मारणारा म्हणत होते. तो हेकट आहेच. पण दाखला हवा तर म्हणा मी एकटा राहू शकत नाही, आणि गावात राहायचं तर म्हणा मी एकटा राहू शकतो, अशा कात्रीत तो सापडला होता, आणि मी समोर बसून डोळे मिचकावत होते.

"ते पडतात का?" सुल्माने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. माझ्यासमोर एक थकलेली पोरगी होती, तिला गप्प करणं अवघड नव्हतं. पण मी सांगितलं की पडतो, आणि पडला की मला हाक मारत नाही, मी आवाज ऐकून जाते.

ती म्हणाली, "मग मी त्यांना इथे कसं ठेवू, तुम्हीच सांगा."

मी तिला सांगितलं की हे ठरवणं माझं काम नाही, ती त्याची मुलगी आहे. पण तिने विचारलं होतं, म्हणून मनात होतं तेही बोलून टाकलं. म्हटलं, तिकडे नेलंस तर तुझ्या घरात त्याला काही कमी पडणार नाही, जेवण मिळेल, ऊब मिळेल. पण तो खिडकीशी बसेल आणि कुणाशी भांडणार नाही. आणि इकडे माझं काय होईल ते मला विचारू नकोस. मी रोज सकाळी दार उघडते ते समोरची खिडकी उघडली का बघायला. मला तो जायला नको आहे. हे मी आजवर कुणाला बोलले नाही आणि त्याला तर मुळीच बोलणार नाही. सुल्माने माझ्याकडे पाहिलं नाही, पर्समधून रुमाल काढून नाक पुसलं.

दार उघडलं. समाजसेविका कागद घेऊन उभी होती. म्हणाली, बेर्तिनात यांची काळजी घेणारी व्यक्ती कोण आहे, सही हवी आहे. सुल्मा उठली. मी बसूनच होते, माझा काय संबंध. समाजसेविकेने कागदात पाहिलं आणि माझं नाव वाचलं, एल्सिरा मायदाना. म्हणाली, त्यांनी हे नाव सांगितलं आहे.

आत गेलो तर डेल्फोर जमिनीकडे बघत बसला होता. जॅकेट काढलेलं होतं, झिपची परीक्षा घेतली असावी. डॉक्टरचा आवाज बदलला होता. तो म्हणाला की तुम्ही बाहेर गेल्यावर यांनी आपणहून सगळं सांगितलं, पडण्याचं, आंघोळीचं, बटणांचं, सगळं. सतत कुणाच्या तरी मदतीची गरज आहे असं मंडळ लिहिणार आहे, दाखला मिळेल. फक्त मदत कोण करणार ते नाव घालायचं होतं. मुलगी की शेजारी असं विचारलं, तर यांनी तुमचं नाव दिलं.

मी डेल्फोरसमोर जाऊन उभी राहिले. "मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणून नाही विचारलं," तो म्हणाला.

असा हा माणूस. अर्धं अंग गेलं तरी दुसऱ्याच्या नावावर डाव चढवायची खोड जात नाही. मी समाजसेविकेच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली, इतकी दाबून केली की कागद फाटायचा राहिला. वर पाहिलं तर सुल्मा भिंतीपाशी हात बांधून उभी होती. तिच्या वडिलांनी तिचं नाव घेतलं नव्हतं, आणि ते तिला लागलं होतं. मला तिची दया आली आणि त्याचा संताप आला, दोन्ही एकदम.

बसला अवकाश होता म्हणून स्टँडसमोरच्या खानावळीत गेलो. मी ऑर्डर दिली, कारण कुणी देईना. पावाच्या चुऱ्यात तळलेले मांसाचे मोठे काप आले, ताटाच्या बाहेर लोंबणारे, वर लिंबू. मी सवयीने सुरी उचलली आणि त्याच्या ताटाकडे हात नेला. डेल्फोरने उजव्या हाताने ताट धरलं आणि माझ्यापासून लांब सरकवलं. मला वाटलं, आता इथेही नाटक, आता हा एका हाताने मांस कापून दाखवणार आणि ते शेजारच्या टेबलावर उडणार. पण त्याने ताट सरकवत सरकवत सुल्मासमोर नेलं.

"पोरी," तो म्हणाला, "मला हे जमत नाही."

सुल्मा त्या ताटाकडे बघत राहिली. मग तिने सुरी आणि काटा घेतला आणि कापायला लागली. फार बारीक कापत होती, आपल्या मुलांना कापून देत असेल तसं. कापता कापता तिच्या डोळ्यांतून पाणी गालांवर ओघळत होतं आणि तिने ते पुसलं नाही. एरवी असे कुणी तुकडे केले असते तर डेल्फोरने ताट भिरकावलं असतं. तो गप्प बसला. मीही गप्प बसले, आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, हे सोपं नसतं.

थोड्या वेळाने तिने मला विचारलं, इतके लहान करू की मोठे? मी म्हटलं, जरा मोठे कर, त्याला चावायला आवडतं, फक्त उजव्या बाजूने चावतो. तिने मोठे केले. मग ती एकेक विचारत गेली, आंघोळ कधी, दवाखान्यात कोण नेणार, गोळ्या कुठे ठेवता, आणि मी सांगत गेले. डेल्फोर अशा थाटात जेवत होता की आम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. लिंबू कमी आहे म्हणून त्याने तक्रारही केली. मला त्याच्या हातावर काटा टोचावासा वाटला.

सुल्मा आमच्याबरोबर गावी आली आणि आठवडाअखेरपर्यंत राहिली. न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला, घसरणारी चटई फेकून दिली, दाबली की माझ्या घरात वाजेल अशी घंटा त्याच्या पलंगापाशी लावून घेतली. वडिलांशी रोज भांडली. जायच्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तिच्याजवळ दोन बॅगा होत्या. एक तिने उचलली, दुसरी मोठी होती, ती मी उचलायला गेले आणि जोर लावल्यामुळे मागेच झोकांडले. बॅगेत काहीच नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबांच्या कपड्यांसाठी आणली होती."

बस आली. मी ती रिकामी बॅग ड्रायव्हरच्या हातात दिली, आणि त्याने ती बाकीच्या सामानावर ठेवून दिली.